अजून ठरलं नाही, तर कॉलेज कुठलं भरू?

दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. संध्याकाळी शेजारची पोरगी वडिलांना घेऊन घरी आली. ८४ टक्के पडलेत तिला. हातात मोबाईल, त्यावर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म. पहिला भाग भरून झाला होता, दुसऱ्यात अडकली होती. दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो, जास्तीत जास्त दहा.

"काका, मला काय व्हायचंय तेच अजून ठरलं नाही. मग कॉलेज कुठलं भरू?"

तिचे वडील वैतागले. "ठरला नाय म्हणजे काय? दहावी झाली ना आता? वरच्या आळीतल्या पोराचा आठवीपासून ठरलाय, इंजिनेर!"

पोरगी गप्प बसली. मी तिला लहानपणापासून बघतोय. आईच्या बचत गटाची वही तीच लिहिते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. आणि पावसाळ्यात रानभाज्या ओळखण्यात ती आजीच्याही पुढे. कुठली कोवळी असतानाच खायची, कुठली उकडून पाणी टाकून द्यायचं, सगळं तोंडपाठ. तिला गणित आवडतं, जीवशास्त्र आवडतं, मराठीचा निबंधही आवडतो. त्यातलं एक निवड म्हटल्यावर ती काय सांगणार?

मी म्हटलं, उद्या या. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पूर्वी एकदा असंच झटक्यात उत्तर दिलं होतं आणि ते एका पोराला महागात पडलं. ते पुढे सांगतो.

मी काही करिअर मार्गदर्शक नाही. एका पतसंस्थेत कारकून आहे, इतिहास वाचायचा नाद आहे. त्या रात्री डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला. पंधराव्या वर्षी ठरलंच पाहिजे, हे ठरवलं कोणी? आणि आमच्या शहापूर-मुरबाडच्या पोरांना ठरवायला वेळ कधी मिळाला होता का? पोस्ट लांब झालीय. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर सवडीने वाचा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पहिल्या बी.ए. पदव्या १८६२ च्या. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे आपण शाळेत पाठ केलं. पण ते नक्की काय शिकले, हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हाच्या बी.ए.ला आर्ट्स-सायन्स असा फाटा नव्हता. भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान हे सगळ्यांच्याच पानात वाढलेलं असायचं.

रानडे १८६२ ला बी.ए. झाले, १८६४ ला एम.ए., १८६६ ला एल.एल.बी. मग अक्कलकोट संस्थानात काम केलं, कोल्हापुरात न्यायाधीश झाले, तिथून परत येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि १८७१ साली पुण्याला सरकारी न्यायाधीश म्हणून गेले. तेव्हा वय २९. म्हणजे पदवीनंतर नऊ वर्षं हा माणूस कधी शाळेत, कधी कोर्टात, कधी दरबारात होता. आज आपल्या घरात असा मुलगा असता तर नातेवाईकांनी लग्नात गाठून विचारलं असतं, "अजून सेट नाही झालास?"

टिळकांचं बघा. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमवण्यात गेलं, अभ्यास मागे पडला. पुढे गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात. एम.ए. अर्ध्यावर सोडलं. १८७९ ला एल.एल.बी. केलं, पण वकिलीचा धंदा काही थाटला नाही. १८८० ला मित्रांबरोबर शाळा काढली, १८८१ ला 'केसरी' आणि 'मराठा'. गणित, कायदा, शिक्षक, संपादक. कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसवणार?

कोणी म्हणेल, ते रानडे-टिळक होते, त्यांचं उदाहरण काय देता? मान्य. हुशारी त्यांची होतीच, पण त्यांना सवडही मिळाली. ही माणसं श्रीमंत घरची नव्हती. तरी घरात अक्षर होतं, ओळखीपाळखी होत्या, आणि पदवीधर इतके थोडे होते की कुठल्याही विषयातला बी.ए. असला तरी नोकरी चालत यायची. एखादं वर्ष इकडेतिकडे झालं तरी आयुष्य बुडत नव्हतं. न ठरवता शिकत राहायची चैन त्यांना परवडली.

आता त्याच काळात आमच्या तालुक्यात काय चाललं होतं? आगगाडी १८५३ ला ठाण्याला आली, १८५५ ला वाशिंदला, १८६० ला आसनगावला आणि १८६१ ला कसाऱ्याला. म्हणजे मुंबईत पहिल्या पदव्या मिळाल्या त्याच्या वर्षभर आधी आमच्या शिवारातून गाडी धावू लागली होती. १८९२ मध्ये तानसा धरण झालं, पाणी पाइपातून मुंबईला गेलं. पुढे वैतरणा आलं, भातसा आलं. मुंबईची तहान आमच्या तालुक्याने भागवली. कॉलेज मात्र आमच्याकडे यायला पुढची शंभरेक वर्षं लागली. मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. कॉलेज लांब असलं की सगळ्यात आधी काय जातं माहितीय? निवड जाते.

याचं जुनं उदाहरण म्हणजे महर्षी कर्वे. दापोलीजवळच्या मुरुडचा मुलगा. १८७५ साली सरकारी परीक्षा द्यायला सातारला जायचं होतं. वाहन नाही. पावसापाण्यात, घाट चढून, शंभर मैलांवर पायपीट करत सोबत्यांबरोबर सातारा गाठला. तिथल्या साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, सतराचा दिसत नाहीस. परीक्षेला बसू दिलं नाही. वय खरोखर सतराच होतं, पण चण लहान. परत पायी घरी. पुढे १८८१ ला मॅट्रिक, १८८४ ला बी.ए., १८९१ मध्ये फर्ग्युसनला गणिताचे प्राध्यापक, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं. त्याच वाटेने निघून अर्ध्यातून परतलेल्या मुलांच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

या गैरसोयीवर सरकारदरबारी बोलणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकार पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर घालतंय आणि शेतकऱ्याच्या मुलाला साधी प्राथमिक शाळा नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. विद्यापीठाने खासगी अभ्यास करून प्रवेश परीक्षेला बसायची परवानगी दिली आहे, तशीच ती वरच्या परीक्षांनाही द्यावी, असं फुले म्हणतात. ज्याला कॉलेजात राहायचा खर्च झेपत नाही त्याने घरी शिकावं आणि परीक्षा द्यावी. १८८२ सालची मागणी! मुंबई विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण १९७१ ला सुरू झालं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला. फुल्यांच्या निवेदनापासून मुक्त विद्यापीठापर्यंत १०७ वर्षं.

त्याच हंटर आयोगाने आणखी एक शिफारस केली. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाच्या कामाची. पोरवयात वाट फोडायची ही कल्पना तेव्हाची आहे. ऐकायला रास्त वाटते. पण व्यवहारात पहिली वाट कोणाच्या वाट्याला आली आणि दुसरी कोणाच्या, हे सांगायला नको.

बाबासाहेबांची गोष्ट इथे आठवते. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे त्यांचा विषय जातीने ठरवला. १९१२ ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे पहिल्यांदा मोकळं रान मिळालं. त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शिवाय थोडं फ्रेंच, थोडं जर्मन. दिसेल तिथे शिरून शिकले. आज आपण त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणतो, कायदेपंडित म्हणतो, इतिहासकार म्हणतो. त्याचं बी त्या मोकळ्या तीन वर्षांत आहे.

आणि त्यांनी स्वतः कॉलेज काढलं तेव्हा काय केलं? १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे पोरांना शिकून नोकरीवर जाता यावं. पोर कुठून येतंय आणि कॉलेज सुटल्यावर त्याला कुठे जायचंय, हा विचार वेळापत्रकात आधी केला होता. सातारला कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' केलं त्यातही हेच शहाणपण आहे. पोराची अडचण आधी, विषय नंतर.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढलं, ठाणे जिल्ह्यात त्याचं काम उभं राहिलं. पुढे सरकारी आश्रमशाळा आल्या. ठाकर, कातकरी, महादेव कोळी पोरं शाळेत आली. पण कॉलेज? ठाण्यात बांदोडकर कॉलेज १९६९ चं. कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२ चं. उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी समाजाने साठच्या दशकात कॉलेजं उभी केली, स्वतःची घरं नीट व्हायच्या आधी. हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आमच्याकडे शहापूरला सोनूभाऊ बसवंतांच्या नावाचं कॉलेज आलं, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलपांच्या नावाचं. ज्यांनी ही उभी केली त्यांचे उपकार आहेत. ती नसती तर तालुक्यातल्या निम्म्या मुलींनी पदवीचं तोंडही बघितलं नसतं, हे मी माझ्याच घरातल्या बायकांकडे बघून सांगतो.

१९७५ साली राज्यात मोठा बदल झाला. आधी अकरावीला मॅट्रिक होती. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीप्रमाणे १०+२+३ आलं. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाचा विचार असा की पहिली दहा वर्षं सगळ्यांना सारखं शिक्षण द्यावं, लवकर फाटे फोडू नयेत. पुढच्या दोन वर्षांत मोठ्या संख्येने मुलांनी हाताला काम देणाऱ्या अभ्यासक्रमांकडे जावं. विचार उत्तम होता. पण प्रत्यक्षात 'अधिक दोन' म्हणजे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स या तीन दारांची रांग होऊन बसली.

त्यातही गावाकडे काय झालं? आर्ट्सला फळा, खडू आणि शिक्षक पुरतो. कॉमर्सलाही तेच. सायन्सला प्रयोगशाळा लागते, रसायनं लागतात, गॅस लागतो, प्रत्येक विषयाचा वेगळा शिक्षक लागतो. म्हणून खेड्यात आधी आर्ट्स आलं, मग कॉमर्स आणि सगळ्यात शेवटी सायन्स. पोराला इतिहासाची आवड होती म्हणून त्याने आर्ट्स घेतलं, असं आमच्या पिढीत क्वचित झालं. जे दार चालत जाण्याच्या अंतरावर होतं त्यात पोर शिरलं.

मी स्वतः १९८६ ला दहावी झालो. कॉमर्स घेतलं. कोणी विचारलं तर आजही सांगतो, "आकडेमोडीची आवड होती." खरं कारण वेगळं होतं. ज्या एसटीने जायचं ती साडेसातला यायची आणि कॉमर्सचे वर्ग आठला सुरू व्हायचे. बस.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे त्या संध्याकाळी मी गप्प बसलो.

२०११ साली माझा पुतण्या दहावी झाला. ८१ टक्के. त्यालाही काही ठरलेलं नव्हतं. घरात शिकलेला मीच, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी ऐटीत सांगितलं, "सायन्स घे. आणि इथे नको, कल्याणला घे. सायन्स घेतलं की नंतर कुठेही जाता येतं." हे वाक्य तुम्हीही कोणाला तरी सांगितलं असेल. कागदावर ते शंभर टक्के खरं आहे. बारावी सायन्सवाला बी.ए.ला जाऊ शकतो, बी.कॉम.ला जाऊ शकतो, आर्ट्सवाला बी.एस्सी.ला येऊ शकत नाही.

पण पोराचा दिवस मी बघितलाच नव्हता. पहाटे साडेचारला उठायचं, सव्वापाचला फाट्यावर, तिथून जीप मिळेल तेव्हा आसनगाव, तिथून लोकल. पावसाळ्यात गाड्या लेट. कॉलेजात पोचला तर पहिला तास गेलेला. प्रॅक्टिकल दुपारी, म्हणजे परतीची शेवटची एसटी चुकायची. मग फाट्यापासून अंधारात पायी. घरी येऊन जेवला की पुस्तकावरच झोपायचा. क्लास लावायला पैसे होते, वेळ नव्हता. बारावीला दोन विषय गेले. पुन्हा बसला, पुन्हा एक राहिला. मग सोडून दिलं. आता भिवंडीकडे गोदामात सुपरवायझर आहे, लग्न झालंय, बरं चाललंय. एकदा होळीला गावी आला होता तेव्हा सहज म्हणाला, "काका, मला सायन्स अवघड नव्हतं गेलं. गाडी अवघड गेली."

तो रागाने म्हणाला नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्याचा कोणावर राग नाही, माझ्यावरही नाही. पण सल्ला माझा होता. तालुक्यातच सायन्स घेतलं असतं तर कदाचित टक्के कमी पडले असते, पण बारावी झाला असता. सगळे दरवाजे उघडे राहावेत म्हणून मी त्याला ज्या वाटेने पाठवलं, ती वाटच त्याला चालवली नाही.

त्यानंतर सरकारने बरंच काही केलं. २०१६ ला दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. मुलाचा कल कृषी, वाणिज्य, कला, आरोग्य, तांत्रिक यातल्या कुठल्या क्षेत्राकडे आहे ते कळायचं. काही वर्षांनी ती बंद झाली. चाचणी वाईट नव्हती. पण कल ललित कलेकडे आला आणि तालुक्यात ललित कलेचं एकही कॉलेज नाही, तर त्या कागदाचं करायचं काय?

मग राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आलं. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४ पासून लागू झालं. एक मुख्य विषय, जोडीला दुसरा, शिवाय दुसऱ्या शाखेतले खुले विषय. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, क्रेडिट खात्यात जमा, पुन्हा परत येता येईल. रानडे-टिळकांना जी सवड परिस्थितीने दिली ती आता नियमाने प्रत्येकाला दिलीय, असं म्हणता येईल. मला हे धोरण मनापासून पटतं. पण ज्या कॉलेजात दोनच शाखा आहेत आणि काही शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, तिथे दुसऱ्या शाखेतला विषय कुठून आणणार? आणि एका वर्षाने बाहेर पडायची सोय शहरातल्या पोराला सवड वाटेल, आमच्याकडे तीच वीटभट्टीचा हंगाम सुरू झाला की शाळा सोडण्याला मिळालेलं गोंडस नाव ठरू शकते. यावर लक्ष ठेवायला हवं.

२०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. हे चांगलंच आहे. फक्त पास असून भागत नाही, कॉलेज सुटेल तेव्हा बसही लागते. आश्रमशाळेतल्या मुलांची अडचण तर वेगळीच. त्यांच्या वसतिगृहाचा अर्ज कॉलेजचा प्रवेश झाल्यावर होतो. म्हणजे राहायचं कुठे हे माहीत नसताना कॉलेज निवडायचं.

आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन. पूर्वी आमच्याकडे पोराच्या पुढ्यात एकच कॉलेज असायचं, आता मोबाईलवर शेकडो दिसतात. अंतर मात्र तेवढंच राहिलंय.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली तेव्हा मी तिला काय सांगितलं, ते मुद्दाम लिहितो. कोणाला उपयोग होईल.

पहिलं, ठरलं नाही याची लाज बाळगू नको. तुला तीन गोष्टी आवडतात, ही अडचण नाही. काय व्हायचंय ते आज ठरवायची गरज नाही. पुढची दोन वर्षं नीट कुठे शिकता येईल, एवढंच ठरवायचंय.

दुसरं, फॉर्म भरायच्या आधी दिवस मोजायचा. घरातून किती वाजता निघायचं, परत किती वाजता, पावसात किती वाजता. दोन्ही वेळचा प्रवास धरून तीन तासांच्या वर जात असेल तर राहायची सोय असल्याशिवाय ते नाव वर टाकायचं नाही, कॉलेज कितीही नावाजलेलं असो. हा माझा हिशोब आहे, सरकारी नियम नाही.

तिसरं, ठरलं नसेल तर अशी जागा घ्यायची जिथून वळता येईल. सायन्स घेतलंस तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेव, बारावीनंतर एक सोडता येतं. कॉमर्स घेतलंस तर गणित सोडू नको. आर्ट्स घेतलंस तरी कायदा, शिक्षण, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता कुठेही जाता येतं, सी.ए.सुद्धा होता येतं. आणि आयटीआयला कमी समजू नको. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पॉलिटेक्निकवाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ही वाट आमच्याकडे फार थोड्या पालकांना माहीत आहे.

चौथं, कॉलेजची पाटी आणि जाहिरात बघू नको. तिथे आत्ता बारावीत असलेल्या दोन मुलींना गाठ आणि विचार. प्रॅक्टिकल खरोखर होतात का, की नुसतं जर्नल उतरवून घेतात? फिजिक्सला सर आहेत का? लायब्ररीत बसू देतात का? मुलींसाठी स्वच्छतागृह चालू आहे का? या चार प्रश्नांत कॉलेज कळतं.

वडिलांनाही एक सांगितलं. "पोरगी दोन वर्षांनी म्हणाली, हे नको, ते हवं, तर ओरडू नका. टिळकांनी एम.ए. सोडलं तेव्हा जग बुडालं नाही."

ते हसले. म्हणाले, "टिळकांच्या बापाकडे बियाण्याची उधारी नव्हती, दादा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर ही अख्खी पोस्ट त्या वाक्यावरच लिहिलीय. चुकायला, बदलायला, थोडं थांबायला घरात काहीतरी शिल्लक लागतं. ज्या घरात ती शिल्लक नाही तिथे ती सरकारने आणि समाजाने पुरवायची असते. वसतिगृह ही ती शिल्लक आहे. कॉलेज सुटायच्या वेळेची एसटी ही ती शिल्लक आहे. तालुक्यातली चालू प्रयोगशाळा ही ती शिल्लक आहे. मार्गदर्शन शिबिरं आणि सत्कार समारंभ आमच्याकडे ढीगभर होतात. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला यंदा एवढंच विचारा, तालुक्यात मुलींच्या वसतिगृहात जागा किती आणि अर्ज किती? आणि दुपारनंतर कॉलेजच्या फाट्यावरून शेवटची बस कितीला?

पोरीने दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म भरला. पहिल्या तीन पसंती तालुक्यातल्याच, सायन्स, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून. कल्याणची दोन नावं खाली टाकली. मधल्या एका जागी कॉमर्सही टाकलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "गटाची वही लिहायला आवडते ना मला."

मी तो क्रम बदलायला सांगितला नाही.